गप्प बसणारी अक्षरे

भेस्तान, सुरत
दिनांक ४ ऑक्टोबर १९९४

सौ. सुषमा वाल्मिक पाटील, खामगाव, हिस लोटू धुडकू बोरसे यांजकडून.

वडिलांनी मुलीस पत्र लिहिताना आरंभी आशीर्वाद लिहावेत, हा रिवाज मला ठाऊक आहे. परंतु गेल्या बारा वर्षांत तू माझ्याशी एक शब्दही बोललेली नाहीस. तुझ्या आईच्या दहाव्याला आलीस, तेव्हाही कुंदनशी बोललीस आणि परत गेलीस. अशा स्थितीत न विचारता आशीर्वाद देणे मला प्रशस्त वाटत नाही. ती जागा मी कोरी सोडली आहे.

तुझी तार पोहोचली. तिचे उत्तर असे की, मी बरा आहे. प्लेगची बातमी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी कुंदन, सूनबाई सुवर्णा आणि धनश्री मिळेल त्या गाडीने अमळनेरकडे गेले. कुंदन म्हणाला, "बाबा, चला ना, हट्ट करू नका." मी म्हणालो, "तुम्ही पोरीला घेऊन जा. मी घर राखतो." आपल्या चाळीतील सत्तावीस खोल्यांपैकी तेवीस खोल्यांना कुलूप आहे. तेहतीस वर्षे मी या गावात राहिलो, परंतु यंत्रमागांचा आवाज पूर्ण थांबलेला प्रथमच अनुभवतो आहे. रस्त्याने चालताना स्वतःच्या वहाणांचा आवाज ऐकू येतो. टेट्रासायक्लीनच्या गोळ्या मी नियमाने घेतल्या.

परवा मोठ्या रस्त्यावरून एक जीप गेली. तीत तोंडाला कापड बांधलेल्या तीन परिचारिका बसल्या होत्या. सारे लोक गावाबाहेर चालले होते आणि त्या गावात चालल्या होत्या. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून हात जोडले. त्यांनी पाहिले नसावे.

आता तारेविषयी. तारवाला दारापासून चार हात लांब उभा राहिला. म्हणाला, "काका, तमे हजी अहीं ज छो? तार छे. वांची आपुं?" मी त्यास म्हटले, "मला वाचता येते." त्याने सही घेतली व तो गेला. तार इंग्रजीत होती. मला वाचता येत नव्हती.

वरील वाक्य लिहिण्यास मला एक दिवस लागला. तू जाणतेस की मी १९३८ साली चौथी पास झालो, पहिल्या क्रमांकाने. या चाळीत येणारे प्रत्येक पत्र मी वाचून दाखवीत आलो आणि प्रत्येकाचे उत्तर मी लिहून देत आलो. लोक मला 'मास्तर' म्हणतात व मी त्यांना कधी दुरुस्त केलेले नाही. परंतु इंग्रजीतील मला आकडे तेवढे येतात, आणि मागांच्या रांगांवर रंगवलेली ए पासून एच पर्यंतची अक्षरे. शेजारच्या खोलीतील बन्सीलाल, जे गिरणीच्या कचेरीत कारकून होते, त्यांना इंग्रजी येते. तेही शहाद्याला गेलेले. आणि ते येथे असते तरी मी गेलो नसतो.

धनश्रीची इंग्रजीची वही घाईत घरीच राहिली होती. तिच्या पहिल्या पानावर सव्वीस अक्षरे व त्यांची नावे मराठीत लिहिलेली आहेत. पुढे तिच्या बाईंनी शब्द फार विलक्षण रीतीने लिहवून घेतले आहेत. ज्या शब्दांत तीच ती अक्षरे येतात, ते सारे एका पानावर. बाजूस उच्चार, त्यापुढे अर्थ. प्रत्येक पानावर धनश्रीने 'घराणे' असे शीर्षक दिले आहे. टी, एच, ई, आर या चार अक्षरांचे एक घराणे आहे. मदर, आई. ब्रदर, भाऊ. फेदर, पीस. वेदर, हवामान. टुगेदर, एकत्र. सहा दिवस मी ती वही आणि तुझी तार शेजारी शेजारी ठेवून बसलो. सातव्या दिवशी तारेतील एक शब्द त्या पानावरील शब्दाशी अक्षरास अक्षर जुळला.

तो शब्द 'फादर' होता. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी इंग्रजीत वाचलेला पहिला शब्द 'वडील' हा आहे, आणि तो तू लिहिलेला आहे. मी चष्मा काढून ठेवला. थोडा वेळ मला काहीही वाचता येत नव्हते.

नंतर दुहेरी एलच्या पानावर घंटा, विकणे, सांगणे यांच्यासोबत 'वेल', म्हणजे बरे, हा शब्द सापडला. 'इज फादर वेल.' तू एवढेच विचारले आहेस.

आता दुसऱ्या कागदाविषयी. जून १९८२ मध्ये बडोद्याच्या एका रुग्णालयाकडून परिचारिकेच्या शिक्षणासंबंधी तुझ्या नावे इंग्रजी पत्र आले होते. तुझी निवड झाली नाही असे मी सांगितले, व ते पत्र फाडले असेही सांगितले. लिहिलेला कागद मी आयुष्यात कधी फाडलेला नाही. ते पत्र माझ्या चौथीच्या दाखल्याखाली पत्र्याच्या डब्यात आहे. ते मला तेव्हा वाचता आले नव्हते. आमच्या गिरणीत टंकलेखित इंग्रजी कागद, खाली गोल शिक्का, म्हणजे माणूस कामावरून कमी झाला असे समजले जाई. त्याच समजुतीने मी तो नकार मानला. आता ते मी स्वतः वाचणार आहे, आणि जे असेल ते तुला कळवणार आहे. तुझ्या तारेने बारा वर्षांनी एक दार किलकिले झाले आहे. त्या कागदातून जे निघेल, त्याने ते पुन्हा लागू शकते, हे मला समजते.

लोटू धुडकू बोरसे


भेस्तान, सुरत
दिनांक १६ ऑक्टोबर १९९४

सौ. सुषमा हिस,

लोक परतू लागले आहेत. मागांचा आवाज प्रथम पूर्वेकडून आला, मग सगळीकडून. कुंदन सचिन येथील कारखान्यात पुन्हा कामावर जाऊ लागला.

ते परतण्यापूर्वी एक गोष्ट घडली ती तुला सांगावयाची आहे. मी भेस्तानच्या स्टेशनवर गेलो होतो. फलाटावर एक कुत्रे आणि मी, एवढेच होतो. स्टेशनमास्तरांच्या दारावरील पाटी मी तेहतीस वर्षांत शेकडो वेळा पाहिली असेल. त्या दिवशी ती बोलली. तिच्यावरील पहिल्या शब्दाची शेवटची चार अक्षरे टी, आय, ओ, एन, आणि ती चौघे मिळून 'शन' असा उच्चार करतात. स्टेशन. मी पाटीसमोर उभा राहून ते मोठ्याने म्हटले. कुत्र्याने मान वर केली. वहीत या चौघांचे केवढे मोठे घराणे आहे! नेशन, राष्ट्र. एज्युकेशन, शिक्षण. रिलेशन, नाते. जे नाव मी रोज तोंडाने घेत होतो, ते याच कुळातले निघाले. ज्याच्याशी तीस वर्षे केवळ रामराम होता, त्याच्या घरी प्रथमच जेवावयास बसावे, तसे मला वाटले.

धनश्री परतली तेव्हा वही माझ्या हातात होती.

"आबा, माझी वही शोधतेय मी कधीची! तुम्ही काय करताय तिच्यात?"

मी म्हणालो, "वाचतो आहे."

"इंग्लिश? तुम्ही?" ती हसत खाली बसली. "बरं, मग हा वाचून दाखवा."

मी वाचले, "क्नाइफ."

"आबा! के बोलायचा नाही. नाइफ. सुरी. के सायलेंट असतो."

"बोलावयाचा नाही तर लिहावयाचा कशाला?"

"मने शुं खबर! बाई म्हणाल्या, तो आधीपासून आहे, त्याला काढता येत नाही."

त्या पानावर के आणि एन यांचे घराणे आहे. नी, गुडघा. नील, गुडघे टेकणे. निट, विणणे. नॉट, गाठ. नो, जाणणे. पुन्हा पुन्हा वाचूनही माझे समाधान होईना. मी चोवीस वर्षे बीम जोडण्याचे काम केले. नवा बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला लोखंडी रूळ, मागावर चढला की जुन्या ताण्याच्या एकेका धाग्यास नव्या ताण्याचा एकेक धागा गाठीने जोडावा लागतो. गुडघ्यांवर बसून, मान खाली घालून, एका बीमला चार हजार गाठी. मला वाटे की हे हाताचे काम आहे, विद्येचे नाही. आणि येथे सातासमुद्रापलीकडच्या कोणी तरी गाठ, विणणे, गुडघा आणि जाणणे एकाच छपराखाली राहू दिले आहेत! ज्याने हे केले त्याला बीम जोडणाऱ्या माणसाची कल्पनाही नसणार. तरी मला मान मिळाल्यासारखे वाटले.

दुसरे एक घराणे मला याहून गूढ वाटते. जी आणि एच. लाइट, उजेड. साइट, दृष्टी. फाइट, भांडण. टाइट, घट्ट. राइट, बरोबर. यांतील प्रत्येक शब्दात ती दोन अक्षरे मधोमध बसतात आणि तोंडातून ब्र काढीत नाहीत. लग्नात दोन वडीलधारी माणसे पाटावर येऊन बसतात, बोलत काहीच नाहीत, पण ती नसली तर लग्न लागत नाही, तशी. बोट ठेवून मी पान खाली वाचत गेलो. शेवटचा शब्द 'डॉटर' आहे. मुलगी. त्यातही ती दोघे गप्प बसलेली आहेत.

तेथे मी वही मिटली.

डब्यातील कागद मी अद्याप उघडलेला नाही. आणखी काही घराण्यांशी परिचय झाल्यावर उघडीन.

लोटू धुडकू बोरसे


भेस्तान, सुरत
दिनांक ६ नोव्हेंबर १९९४

सौ. सुषमा हिस,

दिवाळी झाली. भाऊबीजेच्या दिवशी कुंदनने तुझ्या नावाचे ताट मांडले होते.

पाडव्याच्या सकाळी मी डबा उघडला. कागदाच्या घड्या पिवळ्या पडल्या आहेत, अक्षरे मात्र काळीभोर आहेत. मी कोणाची मदत घेतली नाही. ज्या रीतीने बीम जोडतात त्याच रीतीने वाचले. जोडणारा माणूस कापडावर काय नक्षी येणार हे पाहत नाही. ओळखीचा धागा डाव्या हातात धरतो, अनोळखी उजव्या, आणि एवढी एक गाठ मारतो. मग पुढचा. डावीकडे मी धनश्रीची वही ठेवली, उजवीकडे तो कागद. तीन शब्दांच्या शेवटी 'शन' होते. एका शब्दाच्या शेवटी 'इंग', तो ट्रेनिंग निघाला. वहीत न सापडलेले सहा शब्द मी सोडून दिले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कापड उतरले.

मजकूर असा आहे. परिचारिकेच्या शिक्षणासाठी तुझा अर्ज मिळाला. मुलाखतीस यावे. सोबत शाळेचे दाखले आणावेत. आणि शेवटच्या ओळीत तेच घराणे, टी, एच, ई, आर. 'युअर फादर'. तुझ्या वडिलांनी सोबत येणे आवश्यक आहे.

तो नकार नव्हता. ते बोलावणे होते, आणि ते मलाही होते.

येथे पत्र संपवता आले असते. तू म्हणाली असतीस, बाबांची चूक झाली, त्यांना इंग्रजी येत नव्हते. कुंदनही तेच म्हणतो. मी त्याला कागद दाखवला तेव्हा त्याने तो घडी करून माझ्या हातात परत दिला. मग म्हणाला, "बाबा, बारा वर्षांनी तिने तार केली. आता हे पाठवलंत तर ती पुन्हा तोंड फिरवेल. राहू द्या ना डब्यात. कोणाला दिसतंय?"

मी म्हणालो, "मला दिसते."

म्हणून पुढील मजकूर लिहितो. पहिल्या पत्रात मी तुला लिहिले की मी तो कागद नकार समजलो. ते खरे नाही. इंग्रजी आकडे मला तेव्हाही येत होते, हे मी त्याच पत्रात लिहिले आहे. त्या कागदावर मधोमध अठ्ठावीस, सहा, ब्याऐंशी असे आकडे आहेत, आणि त्यापुढे अकरा. पत्र तेरा तारखेला आले होते. नकार कळवणारा माणूस पंधरा दिवसांनंतरची तारीख आणि वेळ लिहीत नाही. दारात उभा राहून मी ते आकडे पाहिले, आणि हे बोलावणे आहे हे मला त्याच क्षणी समजले.

तुझी आई भाकरीचे पीठ मळीत होती. तशाच हातांनी उठून आली. "काय लिखेल शे? पोरनं काम व्हयनं का?"

मी म्हणालो, "निवड झाली नाही."

ती दबक्या आवाजात म्हणाली, "पण तुम्हले इंग्रजी वाचता येस का?" मी तिला म्हटले, "गप्प बस." तिने उभ्या आयुष्यात तो प्रश्न मला पुन्हा विचारला नाही.

तू नळावरून आलीस. "बाबा, कागद दाखवा. मला बघायचाय."

"फाडला."

"असा कसा फाडला? माझ्या नावचा होता ना? तुम्ही वाचलात तरी का नीट?"

तेव्हा मी हात उचलला. चाळीतील माणसे बघत होती. बन्सीलाल त्यांच्या दारात दात घासत उभे होते. त्यांना कागद दाखवला असता तर अर्ध्या मिनिटात वाचून दिला असता.

का, असे तू विचारशील. तुझ्या लग्नाची बोलणी चालली होती म्हणून, असे मी स्वतःस बरीच वर्षे सांगितले. बोलणी त्यानंतर दोन महिन्यांनी सुरू झाली. खरे कारण असे की, या घरात वाचणारा माणूस मी होतो. जे मला वाचता येत नाही ते वाचणारे दुसरे माणूस या घरात निघाले असते, आणि ते माझी मुलगी असते. त्याचे मला भय वाटले. याला दुसरे नाव नाही.

मूळ कागद सोबत जोडला आहे. तो तुझ्या नावचा आहे. पोच द्यावी असा आग्रह नाही.

लोटू धुडकू बोरसे


भेस्तान, सुरत
दिनांक २७ नोव्हेंबर १९९४

सौ. सुषमा हिस,

तुझे उत्तर आलेले नाही. मी त्याविषयी विचारीत नाही. पोस्टमन आला की कुंदन दाराकडे पाहतो आणि मग माझ्याकडे पाहतो. मी वहीकडे पाहतो.

धनश्रीच्या बाईंनी तीन नवी पाने दिली आहेत. धनश्री आता मला पाने स्वतः आणून देते. काल म्हणाली, "आबा, बाईंनी विचारलं, तुझे आजोबा कितवीत आहेत? मी सांगितलं, माझ्याच वर्गात, फक्त हजेरीत नाव नाही."

पहिले पान डब्ल्यू आणि आर यांचे आहे. डब्ल्यू गप्प. रिस्ट, मनगट. रॅप, गुंडाळणे. राइट, लिहिणे. राँग, चूक. चूक करणे आणि लिहिणे ही दोन्ही कामे एकाच दाराने आत जातात, हे पाहून मी उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. इतकी वर्षे मी दुसऱ्यांची पत्रे लिहिली. चुकीची क्षमा मागणारी कितीतरी पत्रे मी इतरांच्या वतीने लिहिली आहेत, दरेकी चार ओळी, सुवाच्य अक्षरात. चाळीतल्या एका जावयाने सासऱ्यास लिहवून घेतले, चिंधाबाईने भावास. ती सर्व पत्रे पोहोचली आणि माणसे परत आली. हे सर्व माझ्याच हाताने झाले आहे.

दुसरे पान ओ, यू, एल, डी यांचे. कुड, शुड, वुड. यांत एल गप्प बसतो. अर्थ लावण्यास फार कठीण शब्द आहेत. जे होऊ शकले असते, जे व्हावयास हवे होते, जे झाले असते, ते सर्व सांगण्याची सोय इंग्रजांनी चार अक्षरांत करून ठेवली आहे. आपल्याकडे त्याला आयुष्य लागते.

तिसऱ्या पानावर एफ, ओ, आर यांनी सुरू होणारे शब्द आहेत. फॉरबिड, मनाई करणे. फर्गेट, विसरणे. फर्गिव्ह, क्षमा करणे. धनश्रीला प्रत्येक शब्द वाक्यात वापरावयाचा अभ्यास होता. पहिल्या दोन शब्दांची वाक्ये मी करून पाहिली. तिसऱ्याचे वाक्य मी केलेले नाही.

थंडी पडू लागली आहे. खामगावात अधिक असेल. मुलांची नावे कुंदनकडून कळली. थोरला विकास, धाकटी सुवासिनी. सुवासिनी हे नाव इंग्रजीत लिहून पाहिले. आठ अक्षरे होतात व एकही गप्प बसत नाही.

लोटू धुडकू बोरसे


भेस्तान, सुरत
दिनांक २२ डिसेंबर १९९४

सौ. सुषमा हिस,

तुझे पत्र शनिवारी मिळाले. पोस्टमनने दिले तेव्हा घरी मी एकटाच होतो. लिफाफा जड नव्हता. आत एकच कागद, एकाच बाजूस लिहिलेला. प्रारंभापासून अखेरपर्यंत इंग्रजीत.

पाहिल्याबरोबर मला वाटले की तू मला दारातच उभे केलेस. वहीवर हात ठेवून मी बसून राहिलो. मग ध्यानात आले की ज्याला वाचता येत नाही त्याला कोणी असे लिहीत नाही. मी वाचू शकेन, असे तू धरून चालली आहेस. शब्द तू लहान लहान घेतले आहेस. अक्षरे सुटी, गोल, ओळीवर बसलेली. माझ्या अक्षरापेक्षा चांगली आहेत.

जे वाचले ते लिहितो, म्हणजे चुकले असेल तर तुला समजेल.

पहिल्या ओळीत, तू, वाल्मिकराव व मुले बरी आहात. दुसऱ्या ओळीत, तू जुना कागद दोनदा वाचलास. तिसऱ्या ओळीस मला दीड दिवस लागला. 'यू शुड हॅव आस्क्ड मी.' तुम्ही मला विचारायला हवे होते. चौथी ओळ, 'आय वुड हॅव रेड इट टू यू.' मी तुम्हाला वाचून दाखवले असते.

सुषमा, आयुष्यभर मी गावाला वाचून दाखवले. मला कोणी वाचून दाखवील, आणि ते माझ्या घरातले असेल, ही गोष्ट माझ्या मनात कधी आलीच नाही. जून ब्याऐंशीमध्ये तुला नुसते हाक मारून म्हणावयाचे होते की, बाई, हे काय आहे ते सांग. तू ओढणीला हात पुसून वाचले असतेस. मी शेजारी बसून ऐकले असते. ती दुपार मी या चार दिवसांत पुष्कळ वेळा पाहिली. झालेल्या गोष्टीपेक्षा न झालेली गोष्ट इतकी स्पष्ट दिसू शकते, हे मला ठाऊक नव्हते.

शेवटचे वाक्य मात्र पूर्ण वाचता येईना. 'आय हॅव नॉट फर्गिव्हन यू.' मी तुम्हाला क्षमा केलेली नाही. हे समजले. ते योग्यच आहे, आणि मी तशी तयारी ठेवली होती. परंतु वाक्य तेथे थांबत नाही. पुढे वाय, ई, टी असा तीन अक्षरांचा शब्द आहे, मग पूर्णविराम, मग तुझे नाव. ई-टीच्या पानावर जाळे आहे, ओले आहे, मिळणे आहे. वायने सुरू होणारे कोणी नाही. धनश्री दोन दिवसांसाठी मामाकडे कोसाडला गेलेली. कुंदन म्हणाला, "सोडा ना बाबा, एका शब्दाने काय होतंय?" मागावर एक धागा न जोडता राहिला तर कापडाच्या थानाच्या शेवटापर्यंत उभी रेघ पडते.

काल सकाळी मी तुझे पत्र घेऊन बन्सीलालांच्या दारात गेलो.

"अरे, बोरसेदादा! आवो, आवो. आज कोणाचं पत्र वाचून दाखवताय?"

मी म्हणालो, "दाखवावयाचे नाही. विचारावयाचे आहे."

ते हसत होते, ते थांबले. "मला विचारताय?"

"इंग्रजी आहे. एक शब्द मला येत नाही."

त्यांनी चष्मा लावला. मी कागदावर हात आडवा ठेवून तेवढा एकच शब्द उघडा ठेवला होता. ते म्हणाले, "दादा, एकटा शब्द काय सांगणार? मागची ओळ बघू द्या की."

मी हात उचलला.

त्यांनी ओळ वाचली. मग कागदाकडे न पाहता माझ्याकडे पाहिले. या माणसाने बारा वर्षांपूर्वी त्याच दारातून काय पाहिले होते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

"येट," ते म्हणाले. "येट म्हणजे अजून. ती लिहिते, अजून क्षमा केलेली नाही." आणि चहा ठेवतो म्हणून स्वतः आत गेले. घरात त्यांच्या सूनबाई असताना त्यांना चहास बराच वेळ लागला.

मी त्यांच्या ओट्यावर कागद धरून बसलो. इतके जड वाक्य! बीम उचलण्यास चार माणसे लागावीत तसे. आणि त्याच्या टोकाशी हा एवढासा शब्द उभा आहे, आणि सगळा भार त्याने पेलला आहे. तो तू लिहिला नसतास तरी वाक्य पुरे झाले असते. व्याकरणात काही उणे पडले नसते. तरी तू लिहिलास. लेखणी कागदावरून उचललीस की नाही, शाई वाळू दिलीस की नाही, हे मी अक्षराकडे बघून ओळखण्याचा प्रयत्न केला. ओळखता आले नाही.

वहीत त्याच्यासाठी मी वेगळे पान घेतले आहे. त्या पानावर आज तो एकटाच आहे.

तू इंग्रजीत लिहिलेस, तेव्हा उत्तरही त्याच भाषेत देणे योग्य होते. ते मला जमत नाही. अजून.

लोटू धुडकू बोरसे